नेकचालीचा जामीन

शिपायानं कागद पुढं धरला तेव्हा ग्रेगरीचे दोन्ही हात रूळ बदलायच्या सांध्याच्या दांड्यावर होते आणि पुण्याची गाडी शिट्टी देत समोरून येत होती. आता अशा वेळी कुणी माणसाला कागद दाखवतं का? पण ठाण्याच्या कचेरीतला शिपाई तो. कल्याण जंक्शनात कुठली गाडी कसाऱ्याकडं वळते आणि कुठली पुण्याकडं, याच्याशी त्याला काय देणंघेणं! "गुणाजी आगरी, राहणार मिठागराजवळ, ठाणं," त्यानं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हा तुझा कोण?" बस, एवढंच. पण एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच ग्रेगरीचा हात दांड्यावर नुसता राहिला. श्वासभरच. मग त्यानं सगळं अंग टाकून दांडा ओढला, रूळ खटकन सरकले, गाडी आपल्या वाटेला लागली, आणि इंजिनावरचा गोरा जाता जाता काहीतरी ओरडला; तो आशीर्वाद नव्हता हे नक्की. "सोबती," तो म्हणाला. "लहानपणचा." शिपायानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नेकचालीचा जामीन मागितलाय त्याच्याकडं. कोण राहील म्हणून विचारलं, तर तुझं एकट्याचं नाव घेतलं." "पण केलं काय त्यानं?" "काही नाही केलं," शिपाई हसला. "म्हणून तर जामीन! केलं असतं तर एव्हाना आत नसता गेला? गुरुवारी अकराला कचेरीत ये. आला नाहीस तरी चालेल, जबरदस्ती नाही." आणि तो छत्री काखेत मारून निघूनही गेला.

प्रकार असा होता. ठाण्यात लागोपाठ तीन घरं फुटली होती आणि चोर काही सापडत नव्हता. तेव्हा पोलिसांनी जुनी वही काढली. वहीत गुणाजीचं नाव तीनदा. बोलावून विचारलं, पोट कशावर भरतोस? त्याला धड सांगता येईना. झालं, एवढं पुरे होतं. हा माणूस वर्षभर नीट वागेल असं कुणा घरदार असलेल्यानं लिहून द्यायचं, नाहीतर गुणाजी वर्षभर तुरुंगात. आणि लिहून दिल्यावर त्यानं काही केलंच, तर लिहून देणाऱ्याच्या घरावर जप्ती. ग्रेगरीकडं ठाण्याच्या वाडीत बापाचं कौलारू घर होतं. नोकरी सुटली की तिथं जाऊन राहायचं, अंगणात बसायचं, असं त्याचं आणि क्लेमेंटिनाचं वीस वर्षं ठरलेलं. क्लेमेंटिनानं ऐकलं आणि हातातलं मासळीचं पातेलं खाली ठेवलं. "अवो, तुमाला येड लागलंय काय? न केलेल्या चोरीसाठी आपलं घर टांगायचं? आणि त्याला ठेवला वरीसभर आत, तर बिघडलं कुठं? लोक तरी निवांत निजतील." तिचं चूक नव्हतं, हे ग्रेगरीला कळत होतं. गुणाजी काही साधू नव्हता. पहिल्यांदा गेला तो सरकारी आगरातलं अर्धं पोतं मीठ होडीत घातलं म्हणून. आपल्याच बापानं पिकवलेलं मीठ, पण ते सरकारचं. तेव्हा वीस वर्षांचा होता. नंतरच्या दोन घरफोड्या मात्र त्यानं केल्या होत्या, शिक्षाही भोगली होती, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. तरी ग्रेगरीला काहीतरी गिळता येत नव्हतं. लहानपणापासून तो पाद्र्यापुढं गुडघे टेकून कुमसार करत आला होता. तिथं केलेलं पाप सांगायचं असतं. अमुक केलं, अमुक बोललो, अमुक मनात आणलं. मग पाद्री प्रायश्चित्त सांगतो, ते करायचं, की मोकळं. पण पुढच्या वर्षी मी काय करीन ते घ्या, आणि त्याचं प्रायश्चित्त आजच द्या, असं कुणी म्हटलं तर पाद्रीसुद्धा म्हणेल, ऊठ बाबा, घरी जा.

गुरुवारी तो आगगाडीनं गेला नाही. त्याला फुकट पास मिळाला असता, पण पास मागायचा म्हणजे कशाला जातोस ते स्टेशनमास्तरला सांगायचं. आणि चोराला जामीन राहायला जातो म्हणून कसं सांगणार? पोरगी आजारी आहे असं खोटं सांगून त्यानं रजा काढली आणि सकाळी ओहोटी लागताना कल्याण बंदरातून गवताच्या होडीत बसला. किती वर्षांनी! होडीवाल्यानं त्याला गवताच्या भाऱ्यांवर जागा करून दिली, आणि पाणी होडी ओढायला लागल्याबरोबर ग्रेगरीच्या अंगातलं काहीतरी सैल झालं. दोन्ही काठांना तिवरं, तिवरांच्या मुळाशी ओला चिखल, चिखलावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या, आणि तो वास! खारा, कुजका, आंबूस. कल्याणला कोळशाच्या धुरात आपण हा वास साफ विसरून गेलो, याचं त्याला आश्चर्य वाटलं आणि थोडी लाजही वाटली. मुंब्र्याचा डोंगर दिसायला लागला तेव्हा तर तो चौदा वर्षांचाच झाला. गुणाजी आणि तो मिठागराच्या बांधावर पालथे पडलेले, गुणाजीचा उजवा हात खांद्यापर्यंत चिंबोरीच्या बिळात, गाल चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले. "गप रं गिगो," तो कुजबुजायचा, "ती आइकते." मग हळूच, अगदी हळूच हात बाहेर यायचा आणि हातात ही एवढी थोरली चिंबोरी, नांग्या मिटलेल्या, जणू तिला बाहेर यायचंच होतं. ग्रेगरीची बोटं मात्र दर वेळी फुटायची. ज्या दिवशी ठाण्यात पहिली आगगाडी आली, त्या दिवशी सगळं गाव इंजिन बघायला लोटलं होतं, तोफा काय, बँड काय. आणि हे दोन शहाणे बांधावर चिंबोऱ्या धरत बसले! संध्याकाळी घरी गेल्यावर दोघांनी आपापल्या बापाचा मार खाल्ला. नंतर जन्मभर ग्रेगरी आगगाड्याच बघत आला, पण ती पहिली काही त्याला मिळाली नाही, आणि तिच्यासाठी कधी वाईटही वाटलं नाही. उधाणाच्या दिवशी आगरात पाणी घ्यायचं तेव्हा बांधातली लाकडी झडप उचलावी लागे. मोठी माणसं उचलायची तर करकर, धबधब, सगळी खाडी जागी व्हायची. गुणाजीचा बाप म्हणायचा, पोराला बोलवा. गुणाजी झडपेला हात लावायचा, आणि पाणी कधी आत आलं ते बगळ्यांनासुद्धा कळायचं नाही. असे हात परमेश्वर कशाला देत असेल? ग्रेगरीनं गवतावर पडल्या पडल्या आपले हात वर धरून पाहिले. दांडा ओढून ओढून तळव्यांना घट्टे पडलेले, जाड, मठ्ठ हात. या हातांना नोकरी मिळाली, घर मिळालं, लोकांनी मान दिला.

बारा वर्षांपूर्वी गुणाजी एकदा कल्याणला त्याच्या दारात आला होता. दुसरी शिक्षा भोगून नुकताच सुटलेला. ते आठवलं की ग्रेगरी नेहमी दुसरंच काहीतरी आठवायला बघायचा, पण होडीत कुठं उठून जाणार? क्लेमेंटिनानं भात वाढला होता, सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं होतं. वागण्यात तिनं काही कमी केलं नाही. गुणाजी उंबऱ्यावर बसूनच जेवला, आत या म्हटलं तरी आला नाही. ग्रेगरी मान खाली घालून स्वतःच्या ताटलीकडं बघत राहिला. कसा आहेस म्हणून विचारलं तर तो तुरुंगातलं सांगेल, या भीतीनं तेही विचारलं नाही. जेवून, हात धुऊन, "येतो रं गिगो" म्हणून तो निघाला, आणि तो अजून रेल्वेच्या चाळीच्या कोपऱ्यावर पोचलाही नव्हता तोच क्लेमेंटिना आत ताटल्या मोजायला लागली. मोठ्यानं. एक, दोन, तीन. पितळ पितळेवर आपटत होतं. कोपऱ्यावर गुणाजी थांबला. वळला नाही, नुसता थांबला, आणि सगळ्या ताटल्या मोजून झाल्यावर पुढं चालायला लागला. ताटल्या पुऱ्या भरल्या. ग्रेगरी दारात उभा होता. त्यानं बायकोला थांब म्हटलं नाही, आणि मागून धावलाही नाही. बारा वर्षांत त्या गोष्टीबद्दल नवराबायको एक शब्द बोलले नव्हते. आणि तरीही त्या गुणाजीनं नाव घेतलं ते त्याचंच. का घेतलं? दुसरं कुणी उरलंच नसेल म्हणून? की त्यानं त्या ताटल्या मनावर घेतल्याच नाहीत? ग्रेगरीला वाटलं, आज कचेरीत मॅजिस्ट्रेट रावसाहेबांपुढं उभं राहून सगळं सांगायचं. गुणाजी कसा होता ते. वहीत तीन ओळी आहेत त्याच्या, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी एकानंही त्याला बांधावर पाहिलेला नाही. माणूस म्हणजे काय त्या तीन ओळी? आपण सांगू. आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ठाण्यात चेंदणीच्या बंदरावर तो उतरला तेव्हा त्याचं मन अगदी ठरलेलं होतं आणि छाती भरून आलेली होती.

कचेरीत गर्दी नव्हती. उंच छत, भिंतीवर चुना, खिडकीतून दिसणारी किल्ल्याची काळी भिंत. त्या किल्ल्यातच तुरुंग. रावसाहेब पुण्याकडचे, मध्यम वयाचे, आवाज शांत. पिंजऱ्यात गुणाजी उभा होता. ग्रेगरीनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं ग्रेगरीकडं पाहिलं, आणि तो हसला. तेच हसणं! तेवढंच ग्रेगरीला दिसलं. क्रुसाचं चुंबन घेऊन त्यानं शपथ घेतली.

"हे बघ," रावसाहेब म्हणाले, "तुझ्या मित्राला आज शिक्षा होते आहे असं समजू नकोस. शिक्षा केलेल्या गुन्ह्याची असते. ही तजवीज आहे. याच्या हातून पुढं काही घडू नये, एवढ्यासाठीच याला ठेवायचं. कुणी जबाबदार मनुष्य याच्यावर नजर ठेवणार असेल तर तुरुंगाची गरज नाही. पण तू राहतोस कल्याणला. तिथून कशी नजर ठेवणार?"

"इथं वाडीत माझं घर आहे, साहेब," ग्रेगरी म्हणाला. आणि मग, हे काही त्यानं होडीत ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, "माझ्या घरात ठेवीन त्याला. मीही बायकोला घेऊन इथं येऊन राहीन. कल्याणची गाडी आहेच, जाऊन येऊन नोकरी करीन."

रावसाहेबांनी मान वर केली. "तीनदा शिक्षा झालेला मनुष्य तू आपल्या घरात ठेवशील?"

"ठेवीन, साहेब."

कारकुनानंही मान वर केली. रावसाहेब खुर्चीत मागं टेकले आणि त्यांचा चेहरा जरा निवळला. "असा जामीन मला फार दिवसांत मिळाला नाही. बरं, तू त्याला लहानपणापासून ओळखतोस. मनुष्य कसा आहे, सांग बघू."

एवढंच तर हवं होतं! ग्रेगरीनं घसा खाकरला. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस, पण सगळी खाडी सकाळपासून त्याच्या आत भरून राहिली होती. "साहेब, काय सांगू तुम्हाला! आमच्या देवळाच्या मनोऱ्यावर एकदा आग्या मोहोळ बसलं. सण तोंडावर आलेला, घंटा वाजवायला कुणी धजेना. तर हा, आमच्या धर्माचा नाही, काही नाही, पहाटे उठून भिंत चढून वर गेला. शिडी नाही, दोर नाही. नुसती बोटं दगडांच्या फटीत! धूर केला, मोहोळ काढलं, खाली उतरला. पाद्री उठून बघतो तर मोहोळ नाही."

"कुणाला चाहूल लागली नाही?"

"छे! मांजर वाजेल, साहेब, हा नाही वाजायचा." गुणाजीनं मान ताठ केली होती. त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता, ते बघून ग्रेगरीला आणखी बळ आलं. "आणि वाडीतली कुत्री, ती पाद्र्यालासुद्धा सोडायची नाहीत. पण याच्यावर एक कुत्रं भुंकेल तर शपथ. रात्री या, पहाटे या. जनावराला माणूस कळतो, साहेब." कारकुनाची लेखणी भराभर चालत होती. सगळं लिहून घेतायत, ग्रेगरीच्या मनात आलं. चला, आता वहीत हेही राहील. आणि त्याच्या डोळ्यांपुढं एकदम स्वतःच्या लग्नाचा दिवस उभा राहिला, मांडव, वाजंत्री, विहिरीवरून पाणी घेऊन येणाऱ्या बायका, नव्या साडीतली सोळा वर्षांची क्लेमेंटिना रडवेली झालेली, कारण तिच्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली हरवलेली. "माझ्या लग्नात तर, साहेब, यानं कमालच केली. पेटीचं कुलूप—"

आणि तिथं त्याची जीभ थांबली. कुलूप हा शब्द त्या उंच छताखाली त्याला स्वतःलाच ऐकू आला. लेखणीही थांबली होती.

"कुलूप काय?" रावसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

"शपथ घेतली आहेस तू."

"उघडलं, साहेब."

"कशानं?"

"बाभळीच्या काट्यानं," ग्रेगरी म्हणाला, आणि ते लिहिलं गेलं.

कारकुनानं सगळं वाचून दाखवलं. शिडीवाचून भिंत चढतो. चाहूल लागत नाही. कुत्री भुंकत नाहीत. कुलूप काट्यानं उघडतो. शब्द ग्रेगरीचेच, एकही इकडचा तिकडं नाही. त्याला वाटलं, धावत जाऊन तो कागद तोंडात कोंबावा. "साहेब, हे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं! तेव्हा पोरं होतो आम्ही!"

"आणि आता?"

आता. ग्रेगरी पिंजऱ्याकडं वळला, आणि तासभर ज्याच्याकडं तो बघत होता तो माणूस त्याला पहिल्यांदा दिसला. एका डोळ्यात दुधासारखं पांढरं साचलेलं, दुसराही गढूळ. गुडघे सुजून बाहेर आलेले. तुरुंगातलं दळण दळून हातांची बोटं आखडलेली, कठड्यावर ठेवलेला हात धड उघडतही नव्हता. बारा वर्षं, आणि त्याआधीचीही कितीतरी. आपण याला नुसतं आठवत बसलो, एकदा येऊन बघितलं नाही! "साहेब, त्याच्याकडं बघा तरी," तो कळवळून म्हणाला. "त्याच्यानं काय होणार आहे आता? भिंत राहू द्या, त्याला साधा बांध चढवणार नाही."

रावसाहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मग त्यांनी सरळ गुणाजीलाच विचारलं, "काय रे, तुझा मित्र म्हणतो तुला आता काही जमत नाही. खरं आहे? अशी भिंत आज तुला चढवेल का?" आवाजावरून कळत होतं, की नाही म्हण आणि घरी जा.

गुणाजीनं रावसाहेबांकडं बघितलंच नाही. तो आवाजाच्या अंदाजानं ग्रेगरीकडं तोंड करून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ग्रेगरीनं सांगितलेलं सगळं अजून तसंच होतं.

"चढंन की," तो म्हणाला. "का नाय चढनार? आजबी चढंन."

"गुणा!" ग्रेगरी ओरडला. "खोटं बोलू नको रे! साहेब, खोटं बोलतोय तो!"

"मी कुणाचं खरं धरू?" रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद पुढं ओढला. इतक्या हिकमती माणसाला आवरणं एका सांधेवाल्याच्या आवाक्यातलं नाही, सबब जामीन नामंजूर, एक वर्ष. आणि वर्षानं हाच प्रश्न पुन्हा विचारता येईल, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

बाहेर ओसरीवर शिपायानं गुणाजीच्या हातात हातकडी घातली. ग्रेगरी लहान पोरासारखा रडत होता. घर वाचलं होतं, क्लेमेंटिना आज देवळात मेणबत्ती लावील, आणि त्याला ते सगळं नकोसं झालं होतं. "का बोललास असं? नाही म्हणायचं होतंस! एक शब्द! मी नेणार होतो तुला घरी."

"तू येवढं सांगत व्हतास," गुणाजी म्हणाला, "नि मी नाय कसं म्हनू रं? त्या मोहळाचं तं मी पार इसरून गेलतो." तो हसला. "मजा आली, गिगो. मना बरं वाटलं."

शिपाई साखळी धरून पुढं झाला आणि पायऱ्या उतरायला लागला. साखळी ताणली गेली तशी हातकडी त्या वाळक्या मनगटावरून घसरली, आखडलेल्या बोटांवरून निसटली आणि फरशीवर पडली. शिपायाचं लक्ष नव्हतं. गुणाजी खाली बसला, फरशी चाचपत चाचपत त्यानं ती शोधली, उचलली, आपल्या हातानं पुन्हा मनगटावर चढवली आणि ती परत गळू नये म्हणून हात छातीशी वर धरला. मग तो भिंतीला खांदा लावून पहिल्या पायरीपाशी आला, एक पाय पुढं करून हवेत हलवून बघितला, आणि तसाच थांबून म्हणाला, "अवो शिपाईदादा, जरा हात द्या. मना पायरी दिसत नाय."